कानातला आवाज आणि डोक्यावरचं चुंबक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ऑडिओलॉजिस्ट आहे. म्हणजे दिवसभर लोकांची ऐकण्याची तपासणी करते आणि त्यांच्या कानात काय वाजतंय ते ऐकून घेते. कुणाला रातकिडे, कुणाला कुकरची शिट्टी, कुणाला टीव्ही बंद झाल्यावरची सूं, एका आजोबांना तर पिठाची गिरणी. डॉक्टरी भाषेत याला टिनिटस म्हणतात, आयुर्वेदात कर्णनाद. गेली काही वर्षं यातले बरेच जण माझ्यासमोर मोबाइल धरतात. व्हिडिओत एक माणूस खुर्चीत बसलाय, डोक्याला इंग्रजी आठच्या आकड्यासारखी कॉइल टेकवलीय आणि खाली लिहिलंय, ‘कानातला आवाज कायमचा बंद’. मग प्रश्न सुरू होतात. ते इथे आहेत, बहुतेक लोक विचारतात त्याच शब्दांत.

मॅडम, आवाज कानात येतो. मग इलाज डोक्यावर कशाला?

जुना रेडिओ आठवा. स्टेशन नीट लागत नसलं की आपण आवाजाचं बटण पिळायचो. गाणं मोठं व्हायचं नाही, खरखर मात्र घरभर व्हायची. कानाच्या आतल्या शंखात अतिशय बारीक केसपेशी असतात. वयाने, गोंगाटाने किंवा काही औषधांनी त्या मेल्या की त्या सुरांचा निरोप मेंदूकडे जाणं कमी होतं. मेंदू गप्प बसत नाही. तो त्या सुरांसाठी आपलं बटण पिळतो आणि स्वतःचीच खरखर ऐकू लागतो. आज सर्वांत जास्त मानलं जाणारं स्पष्टीकरण साधारण असं आहे. म्हणूनच बहुतेकांच्या कानातल्या आवाजाचा सूर त्यांचं ऐकणं जिथे कमी झालंय त्याच पट्ट्यात सापडतो.

याला एक कठोर पुरावा आहे. श्रवणाच्या नसेजवळची गाठ काढताना काही रुग्णांची ती नसच कापावी लागते. कानातून मेंदूकडे जाणारी वाटच बंद, तेव्हा आवाजही थांबायला हवा. पण अनेकांचा आवाज तसाच राहिला, काहींचा वाढला. पाय कापलेल्या माणसाला नसलेल्या पायाच्या अंगठ्याला खाज सुटते, त्यातलाच हा प्रकार.

उलट बाजूही ऐका. १९५३ साली हेलर आणि बर्गमन या दोन संशोधकांनी ऐकणं चांगलं असलेल्या ८० माणसांना एकेक करून आवाजबंद खोलीत बसवलं. त्यांतल्या ९४ टक्के लोकांना काही ना काही ऐकू आलं. म्हणजे खरखर जवळपास सगळ्यांकडे असते. काहींचा मेंदू तिच्याकडे लक्ष देऊ लागतो आणि मग लक्ष काढून घेऊ शकत नाही. यात ऐकण्याच्या केंद्राबरोबर भीती, झोप आणि लक्ष सांभाळणारे भागही अडकलेले असतात. डोक्यावरून उपचार करायची कल्पना इथून आली. कल्पना चुकीची नाही. ती कितपत फळाला आली, हा वेगळा प्रश्न.

हे शॉक देतात तेच का?

नाही. हा प्रश्न बहुतेकदा रुग्ण नाही, सोबत आलेली बायको विचारते, आणि तिचं बरोबरच आहे, कारण दोन्ही मशीन मनोविकार विभागातच असतात. शॉक ट्रीटमेंटमध्ये भूल देऊन मुद्दाम झटका आणला जातो. इथे भूल नाही, झटका आणायचा नाही, माणूस जागा असतो आणि संपल्यावर बसने घरी जातो.

या पद्धतीचं नाव ट्रान्सक्रेनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन, थोडक्यात टीएमएस. तत्त्व दहावीच्या विज्ञानातलं आहे. बदलतं चुंबकीय क्षेत्र जवळच्या वाहकात वीज निर्माण करतं, हे फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलं. इथे वाहक म्हणजे मेंदू. कॉइलमधून सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्याहून कमी वेळ जोरदार प्रवाह सोडतात, एमआरआय मशीनच्या तोडीचं चुंबकीय क्षेत्र तयार होतं, कवटीतून विनासायास आत जातं आणि खालच्या पेशींत इवलीशी वीज उमटवतं. इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये हे माणसावर पहिल्यांदा नीट करून दाखवलं.

तेच ठोके ठरावीक गतीने शेकडो वेळा दिले की त्याला आरटीएमएस म्हणतात. सेकंदाला एक असे संथ ठोके त्या भागाला शांत करतात आणि दहा किंवा अधिक असे जलद ठोके त्याला चेतवतात, असा ढोबळ नियम आहे. सगळ्यांचे मेंदू तो पाळतात असं नाही.

आणि ते ओल्या स्पंजवालं मशीन?

ते टीडीसीएस. डोक्यावर दोन ओले स्पंज आणि त्यातून १ ते २ मिलीअँपियरचा सौम्य प्रवाह, साधारण २० मिनिटं. यात पेशींना ठोका बसत नाही, त्यांचा कल थोडा इकडे किंवा तिकडे झुकतो एवढंच. मशीन स्वस्त, हलकं, आवाज न करणारं. टिनिटससाठी कधी कपाळाच्या दोन्ही बाजूंना, कधी डाव्या कानाच्या वरच्या भागात स्पंज ठेवून पाहिले गेले. निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. काही अभ्यासांत त्रास थोडा कमी झाला, काहींत खोट्या प्रवाहाइतकाच, म्हणजे मशीन लावून प्रवाह न सोडल्यावर होतो तेवढाच. उलटसुलट प्रवाहाचं टीएसीएस आणि अनियमित प्रवाहाचं टीआरएनएस असे याचे चुलतभाऊही आहेत. त्यांच्यावरचं काम अजून लहान आहे.

विजेने कान बरा करणं हे नवीनच काढलंय ना?

अजिबात नाही, हे दोनशे वर्षांपूर्वीचं वेड आहे. व्होल्टाने बॅटरी बनवली आणि तिच्या तारा स्वतःच्याच दोन्ही कानांत घालून पाहिल्या. डोक्याला धक्का बसला आणि काहीतरी घट्ट पदार्थ उकळत असल्यासारखा आवाज आला, असं त्याने लिहून ठेवलं. आपल्याकडे असता तर पिठलं रटरटतंय म्हणाला असता. प्रयोग त्याने पुन्हा करायचं टाळलं. पण पुढच्याच वर्षी, १८०१ मध्ये, बर्लिनच्या ग्रापेनगीसर नावाच्या डॉक्टरने कानातल्या आवाजाच्या रुग्णांवर तीच वीज वापरली. तेव्हापासून दर पिढीत कुणीतरी नव्या मशीनने हाच प्रयत्न करतं, आणि दर पिढीत काहींना आराम पडतो, बहुतेकांना पडत नाही. हे सांगते कारण ‘नवीन तंत्रज्ञान’ या दोन शब्दांवर खिसा रिकामा करणारे पुष्कळ आहेत.

सेशनमध्ये नेमकं काय करतात? दुखतं का?

पहिल्या दिवशी डॉक्टर कॉइल डोक्याच्या वरच्या बाजूला, हात हलवणाऱ्या भागावर धरून तुमचा अंगठा किती जोरावर उडतो ते पाहतात. अंगठा आपोआप उडतो, आणि सगळे हसतात. तो जोर तुमचं माप. उपचाराची ताकद त्याच्या टक्केवारीत ठरते. मग कॉइल डाव्या कानाच्या वर, थोडी मागे येते. डावी बाजू का, तर सुरुवातीच्या काही मेंदूचित्रांत तिथे जास्त हालचाल दिसली होती.

टिनिटसवरच्या बऱ्याच अभ्यासांत दिवसाला २,००० ठोके, सेकंदाला एक, असे दहा दिवस दिले गेले. २,००० सेकंद म्हणजे ३३ मिनिटं. सोमवार ते शुक्रवार, दोन आठवडे. गावाहून येणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा. औषधाच्या पैशांपेक्षा राहण्याजेवणाचे आणि बुडालेल्या रोजाचे पैसे जास्त होतात, असं मी पाहिलंय.

दुखणं म्हणाल तर टपल्या मारल्यासारखं वाटतं. गालाचा किंवा पापणीचा स्नायू ठोक्यागणिक उडू शकतो. नंतर डोकं जड होतं, काहींना साधी डोकेदुखी होते, ती उतरते.

एक गोष्ट मात्र विसरू नका. कॉइल प्रत्येक ठोक्याला कडक ‘टक्’ असा आवाज करते, आणि तो कानाजवळच होतो. कानातल्या आवाजासाठी आलेल्या माणसाच्या कानाशी अर्धा तास टकटक! म्हणून इयरप्लग लावल्याशिवाय खुर्चीत बसायचं नाही. ‘चालतं हो, थोडाच तर आवाज आहे’ असं कुणी म्हणालं तर उठून या.

मुद्द्याचं सांगा. आवाज बंद होतो का?

बहुधा नाही. इतकं रोखठोक बोलल्यावर लोक नाराज होतात, पण तेच खरं आहे.

२००३ च्या सुमारास जर्मनीत ट्यूबिंगेन आणि रेगेन्सबुर्ग इथल्या गटांनी पहिले प्रयोग छापले. थोड्या रुग्णांत ठोके देत असताना किंवा काही दिवस आवाज उतरला. जगभर उत्साह पसरला आणि छोटे छोटे अभ्यास निघाले. २०११ मध्ये कॉक्रेन या पुरावे तपासणाऱ्या संस्थेने चाचण्या गोळा केल्या, तर निकषांत बसणाऱ्या फक्त पाच निघाल्या, मिळून २३३ रुग्ण. निष्कर्ष असा की आधार आहे, पण फार तोकडा.

मग दोन महत्त्वाच्या चाचण्या आल्या आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध गेल्या. अमेरिकेत पोर्टलंडच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात झालेल्या चाचणीचा निकाल २०१५ मध्ये आला. खरे ठोके मिळालेल्या ३२ जणांपैकी १८ जण ठरवलेल्या मापाने सुधारले, खोटे ठोके मिळालेल्या ३२ पैकी ७ जण. काहींचा फायदा सहा महिने टिकला. ही बातमी मीही तेव्हा उत्साहाने लोकांना सांगितली होती. दोन वर्षांनी, २०१७ मध्ये, जर्मनीतल्या अनेक केंद्रांनी मिळून केलेल्या चाचणीचा निकाल आला. दीडशेहून जास्त रुग्ण, दहा दिवस, सेकंदाला एक ठोका. खऱ्या आणि खोट्या उपचारात फरक निघाला नाही.

आणि ‘सुधारले’ म्हणजे काय, हेही समजून घ्या. आवाज गेला असं नव्हे. प्रश्नावलीवरचा त्रासाचा आकडा कमी झाला. एखाद्याला ते पुरतं. रात्री झोप लागली, आवाज असला तरी चालेल, असं म्हणणारे रुग्ण मला माहीत आहेत. पण ‘कायमचा बंद’ ही भाषा कोणत्याही चांगल्या चाचणीत सापडत नाही.

एकाच मशीनचे दोन निकाल कसे?

इथे जरा थांबू या, कारण सगळी गोम इथे आहे.

पहिलं, खोटा उपचार. चाचणीत निम्म्या लोकांना खोटी कॉइल लावतात. ती टकटक करते, पण मेंदूपर्यंत काही पोचत नाही. तरीही पोर्टलंडला खोट्या उपचाराने ३२ पैकी ७ जण सुधारलेच की! कानातला आवाज आतून येतो, त्याच्याकडे जाणारं लक्ष मनःस्थितीनुसार बदलतं, आणि दोन आठवडे रोज एक माणूस तुमची आपुलकीने विचारपूस करतो. याचा परिणाम होणारच. तो खोटा नसतो, फक्त मशीनचा नसतो. भर म्हणजे माणूस डॉक्टरकडे जातो तो त्रास शिगेला पोचल्यावर. शिगेला पोचलेलं बहुतेकदा खालीच येतं.

दुसरं, खोली. आठच्या आकाराच्या कॉइलचा परिणाम साधारण दोन-तीन सेंटिमीटर खोल पोचतो. ऐकण्याचं मुख्य केंद्र मात्र मेंदूच्या घडीत आत दडलेलं आहे. म्हणजे आपण माडीवरच्या माणसाला उठवायला खालच्या दारावर थापा मारतो. शेजारच्या भागांतून निरोप वर पोचतो, पण किती, ते प्रत्येकाच्या घडीवर अवलंबून.

तिसरं कारण मला सर्वांत खरं वाटतं. टिनिटस हा एक रोग नाही. ढोलपथकातल्या मुलाचा, सत्तरीतल्या आजींचा, मान आखडलेल्या आयटीवाल्याचा आणि कर्करोगाच्या औषधानंतरचा आवाज, या चौघांना एकाच कॉइलखाली, एकाच जागी, एकाच गतीने बसवलं तर सरासरी काढल्यावर हाती काय लागणार? आवाज नवा आणि ऐकणं चांगलं असेल तर गुण जास्त येतो असं सुरुवातीच्या अभ्यासांत वाटलं होतं. पुढे ते भक्कमपणे टिकलं नाही.

पण हेच मशीन नैराश्यासाठी मान्य आहे म्हणतात.

हो. अमेरिकेत औषधांना आणि उपकरणांना परवानगी देणाऱ्या एफडीएने नैराश्यासाठी २००८ मध्ये आणि मंत्रचळासाठी २०१८ मध्ये परवानगी दिली. तिथे कॉइल कपाळाच्या भागावर असते, जो कवटीच्या अगदी खाली आहे, आणि मोठ्या चाचण्यांत फरक दिसला. मान्यता मशीनला सरसकट मिळत नाही, मशीनच्या ठरावीक वापराला मिळते. टिनिटससाठी ती नाही. उलट अमेरिकन कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ च्या मार्गदर्शिकेत नेहमीचा उपचार म्हणून टीएमएस सुचवू नये असं स्पष्ट लिहिलंय.

जाहिरातीत ‘एफडीए मान्यताप्राप्त मशीन’ आणि ‘टिनिटस’ हे शब्द शेजारी दिसले तर मधली रिकामी जागा वाचायला शिका.

तुम्हाला खरोखर नैराश्य असेल, औषधांनी फरक पडत नसेल आणि मनोविकारतज्ज्ञाने त्यासाठी टीएमएस सुचवलं, तर ती वेगळी गोष्ट. मन सावरलं की आवाजाची टोचणीही पुष्कळदा बोथट होते. तिथे मी अडवत नाही.

धोका किती?

योग्य हातात कमी. सर्वांत गंभीर म्हणजे झटका येणं, पण ते फारच विरळ आहे. अपस्मार असेल, झोप झालेली नसेल, भरपूर दारू घेतली किंवा अचानक सोडली असेल, झटक्याची शक्यता वाढवणारी औषधं चालू असतील, तर आधी सांगा. डोक्यात धातूची क्लिप, मेंदूतलं उपकरण किंवा कॉक्लियर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानात बसवलेलं ऐकण्याचं यंत्र) असेल तर नाही म्हणजे नाही. पेसमेकर असेल तर हृदयतज्ज्ञाला विचारल्याशिवाय नाही. दातांतल्या चांदीला सहसा हरकत नसते, हे विचारणारे फार म्हणून लिहिलं.

काहींचा आवाज सेशननंतर वाढतो. बहुधा तो काही दिवसांत मूळ पातळीवर येतो, पण वाढू शकतो हे कुणी आधी सांगत नाही, म्हणून मी सांगते.

ऑनलाइन छोटं मशीन मिळतं. घरीच लावलं तर?

टीएमएस घरी होत नाही, त्यामुळे तुम्ही टीडीसीएसबद्दल विचारताय. नको. स्पंज कोरडा पडला किंवा नीट टेकला नाही तर कातडी भाजते. जागा दोन बोटं सरकली की प्रवाह भलतीकडे जातो. आणि घरी थांबवणारं कुणी नसतं. वीस मिनिटांनी बरं वाटलं तर चाळीस करू, ही आपली वृत्ती.

जिभेवर ठेवायचं यंत्र आलंय, ते यातलंच का?

जवळचा नातेवाईक म्हणा. आयर्लंडच्या एका कंपनीचं लेनिअर नावाचं यंत्र हेडफोनमधून आवाज ऐकवतं आणि त्याच वेळी जिभेला सौम्य विजेच्या चिमट्या देतं. कवटीवर काही नाही, पण लक्ष्य मेंदूच. कान आणि स्पर्श यांचे निरोप मेंदूच्या देठात एकत्र येतात, तिथे नवी सवय लावायची, असा विचार. २०२० मध्ये ३२६ जणांवरचा अभ्यास आला आणि पुष्कळांचा त्रास कमी झाला. पण त्यात खोट्या उपचाराचा गट नव्हता, ही मोठी उणीव. मार्च २०२३ मध्ये एफडीएने यंत्राला परवानगी दिली.

मिशिगन विद्यापीठात सुझन शोर यांनी जास्त नेमकं काम केलंय. दात आवळले किंवा मान वळवली की ज्यांच्या कानातला आवाज बदलतो, अशाच लोकांना घेतलं. आवाज आणि गालावरची किंवा मानेवरची वीज यांच्यातलं वेळेचं अंतर काटेकोर जुळवलं. रोज अर्धा तास, सहा आठवडे, घरी. २०२३ मध्ये ९९ जणांचे निकाल छापून आले, त्यात खोट्या उपचाराशी तुलनाही होती आणि खऱ्याचं पारडं जड निघालं. सरसकट सगळ्यांना नाही, ज्यांचा आवाज शरीराच्या हालचालीशी बांधलेला आहे त्यांनाच निवडायचं, हा त्यातला शहाणपणा मला भावतो. आत्ताच दात आवळून बघा, आवाज बदलतो का. बदलत असेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना ते जरूर सांगा.

मग सुरुवात कुठून करू?

ऑडिओग्रामपासून. हसू नका. दोन-दोन वर्षं कानात आवाज घेऊन हिंडणारे, चार ठिकाणी पैसे घालवलेले लोक येतात आणि त्यांच्या फायलीत ऐकण्याची साधी तपासणी नसते. जिल्हा रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात विचारा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, तिथे या कामासाठीच माणसं आहेत.

काही लक्षणांत मात्र वाट पाहायची नाही. एका कानाचं ऐकणं अचानक गेलं असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. स्टेरॉइड लवकर सुरू झालं तरच उपयोग होतो, आणि ‘सर्दीने कान बसला असेल’ म्हणून लोक ते दिवस घालवतात. आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल, एकाच कानात असेल, सोबत चक्कर किंवा चेहऱ्याला लुळेपणा असेल, तर रक्तवाहिनीचं किंवा नसेच्या गाठीचं कारण शोधावं लागतं. घेत असलेली औषधंही दाखवा. जास्त मात्रेतलं अ‍ॅस्पिरिन, काही अँटिबायोटिक इंजेक्शनं, कर्करोगाचं सिस्प्लॅटिन यांनी कान वाजू शकतात. स्वतःच्या मनाने काही बंद करू नका, दाखवा.

ऐकणं कमी निघालं तर श्रवणयंत्र. लोकांना हे पटायला वेळ लागतो: ‘मला ऐकू येतं हो, हा आवाज तेवढा काढा.’ पण रेडिओचं उदाहरण आठवा. स्टेशन नीट लागलं की खरखर मागे पडते. माझ्याकडच्या पेन्शनर मंडळींपैकी कितीतरी जण यंत्र लावल्यावर दिवसा आवाज विसरतात.

आणि सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलण्याचं समुपदेशन. याचं नाव काढलं की ‘म्हणजे मी वेडा आहे का?’ असा चेहरा होतो. पण पुरावा सर्वांत भक्कम इथेच आहे. कॉक्रेनने २०२० मध्ये २८ अभ्यास आणि २,७३३ रुग्ण तपासले. सीबीटीने आवाजाची पट्टी बदलत नाही, आवाजाने आयुष्यावर केलेला कब्जा सुटतो. मशीन दिसत नाही म्हणून तो उपचार वाटत नाही, एवढंच त्याचं दुर्दैव.

गिंकोच्या गोळ्या? कानात तेल?

गिंको, झिंक आणि मेलाटोनिन सुचवू नये, असं त्याच २०१४ च्या मार्गदर्शिकेत आहे. तेलाने आतला आवाज थांबत नाही, आणि पडद्याला भोक असेल तर आत संसर्ग होतो.

तरी मला टीएमएस करूनच बघायचंय.

तुमचा हक्क आहे. मग डोळे उघडे ठेवून करा. शक्य असेल तर संशोधनात भाग घ्या. बंगळूरच्या निमहान्ससारख्या मन आणि मेंदूच्या आजारांवरच्या संस्थांत या तंत्रांवर काम चालतं. चाचणीत खोटा उपचार वाट्याला येऊ शकतो, पण नोंदी काटेकोर ठेवल्या जातात.

खाजगी ठिकाणी जाणार असाल तर मनोविकारतज्ज्ञ किंवा मेंदूविकारतज्ज्ञ स्वतः हजर असतात का, की फक्त तंत्रज्ञ बटण दाबतो, हे पाहा. झटका आला तर काय सोय आहे, तेही विचारा. ‘टिनिटसचे किती रुग्ण केले, किती जणांना फरक पडला नाही?’ असा सरळ प्रश्न टाका. दुसऱ्या अर्ध्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही तर पहिल्या अर्ध्याच्या उत्तरावर विश्वास ठेवू नका. तीस सेशनचं पॅकेज आगाऊ भरू नका. दहा झाल्यावर पुढचं ठरवा.

आणि सुरू करण्याआधी टिनिटस हँडिकॅप इन्व्हेंटरी ही प्रश्नावली भरून घ्या. २५ प्रश्न, हो ला ४, कधीकधी ला २, नाही ला ०, एकूण १०० पैकी गुण. कागद घरी जपून ठेवा. दहा सेशननंतर पुन्हा भरा आणि तीन महिन्यांनी आणखी एकदा. साधारण सात गुणांहून कमी फरक असेल तर तो फरक धरू नका. रोज सकाळी उठून ‘आज कमी आहे का’ असं कान देऊन ऐकणं मात्र बंद करा. जितकं ऐकाल तितकं वाजेल.

रात्री सहन होत नाही. कधीकधी वाटतं, संपवून टाकावं.

हे वाचत असाल तर बाकीचं पान राहू द्या. आत्ता घरातल्या कुणाला तरी उठवा आणि सांगा. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. असं वाटणारे तुम्ही एकटे नाही, आणि ही अवस्था उतरते. मी उतरलेली पाहिली आहे. तोवर रात्री पूर्ण शांतता ठेवू नका. पंखा, पावसाच्या आवाजाचं ॲप, बारीक आवाजात रेडिओ, काहीही चालेल. आवाज झाकायचा नाही, त्याला सोबत द्यायची.

मी पथकात ढोल वाजवतो. कान वाजायला लागलेत. गणपतीपर्यंत टीएमएस करून घेऊ?

गणपतीपर्यंत इयरप्लग घे, बाबा. संगीतकारांसाठीचे मिळतात, ताल नीट कळतो. मिरवणुकीनंतर दोन दिवसांत आवाज गेला तर कानाने तुला ताकीद दिली असं समज. गेला नाही तर ऑडिओग्रामला ये. आणि ताशाच्या पुढे उभा राहू नकोस, तो ढोलापेक्षा वाईट.

आईला कॉक्लियर इम्प्लांट बसवलंय, तरी रात्री आवाज येतो म्हणते. तिला ही मशीन चालेल?

नाही. इम्प्लांटमध्ये चुंबक आणि इलेक्ट्रॉनिक्स आहे, टीएमएसने ते बिघडू शकतं. तिचा आवाज रात्रीच येतो कारण रात्री ती बाहेरचा भाग काढून ठेवते. इम्प्लांट चालू असताना बऱ्याच जणांचा आवाज दबतो. ज्यांनी मॅपिंग, म्हणजे इम्प्लांटची जुळणी, केलंय त्यांच्याशी बोला, झोपायच्या आधी तासभर जास्त लावून पाहता येईल का विचारा, आणि शेवटचं मॅपिंग कधी झालं ती तारीख सोबत घेऊन जा.